शोळिंगनल्लूर ते कोल्हापूर : अंतर किती, उड्डाण किती, वेळ किती?

चेन्नई विमानतळापासून कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळापर्यंतचं सरळ हवाई अंतर साधारण ७५० किलोमीटर भरतं. मधे कुठेही न थांबता जेट विमान गेलं, तर दीड तासाच्या आसपास काम होईल एवढं हे अंतर. प्रत्यक्षात चेन्नईतल्या शोळिंगनल्लूरच्या फ्लॅटला कुलूप लावल्यापासून राजारामपुरीतल्या घराची बेल वाजवेपर्यंत आठ ते अकरा तास जातात. चेन्नईच्या ओएमआर रस्त्यावरच्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्या कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, निपाणीकडच्या मंडळींना हे अनुभवाने ठाऊक असतं. तरीही दिवाळीचं तिकीट काढताना नजर खिळते ती मोबाइलवर दिसणाऱ्या उड्डाणवेळेवरच. त्या आकड्याच्या अलीकडे आणि पलीकडे जे तास जातात, त्यांचा हिशेब आधी मांडला तर सुट्टीचा अख्खा दिवस वाचतो आणि म्हाताऱ्या माणसांची फरफट टळते.

आधी अंतराबद्दल. एकाच प्रवासाचे तीन वेगवेगळे आकडे का दिसतात, असा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. चेन्नई-पुणे घ्या. कुठे ९१० दिसतं, कुठे ५६५, तर कुठे ४९१. पहिला आकडा किलोमीटरचा, दुसरा मैलांचा आणि तिसरा सागरी मैलांचा. वैमानिक सागरी मैलच वापरतात. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. अंतर तेच, माप वेगळं. शिवाय काही ठिकाणी शहराच्या मध्यापासून मोजतात, काही ठिकाणी धावपट्टीपासून, म्हणून दहा-वीस किलोमीटरचा फरक पडतो. तो सोडून द्यावा. हे अंतर पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेलं सर्वांत जवळचं अंतर असतं. विमान मात्र ठरलेल्या हवाई मार्गांनी जातं, चढताना-उतरताना वळसे घेतं आणि गर्दी असली तर विमानतळावर घिरट्याही घालतं.

आपल्या लोकांना लागणारी काही अंतरं इथेच सांगून टाकतो. चेन्नईहून मुंबई सुमारे १,०३०, नाशिकचं ओझर तेवढंच, छत्रपती संभाजीनगर ९१५, नागपूर ९०५, बेळगावचं सांब्रा ६७५. म्हणजे नागपूर आणि पुणे चेन्नईपासून जवळजवळ सारखेच लांब आहेत, आणि बेळगाव-कोल्हापूर या दोघांपेक्षाही जवळ. नकाशा पाहिला की हे लगेच पटतं. तिकिटांच्या यादीत मात्र जवळचं गाव लांब पडतं, कारण तिथे अंतरापेक्षा विमान आहे की नाही याला महत्त्व.

तिकिटावरची वेळ म्हणजे काय, हे नीट समजून घेणं फार उपयोगाचं आहे. सुटण्याची वेळ म्हणजे विमान आपल्या जागेवरून मागे सरकण्याची वेळ. आकाशात झेपावण्याची वेळ त्यानंतर येते. पोचण्याची वेळ म्हणजे विमान दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागी येऊन थांबण्याची वेळ. या दोन्हींमधल्या वेळेला विमानवाले ब्लॉक टाइम म्हणतात. चेन्नई-पुणे तिकिटावर १ तास ४० मिनिटं असतील, तर त्यातला सव्वा तास ते फार तर दीड तास विमान हवेत असतं. उरलेला वेळ टॅक्सीवेवरून सरपटण्यात आणि धावपट्टी मिळण्याची वाट पाहण्यात जातो. त्यात कंपन्या थोडा मोकळा वेळही धरतात, म्हणून उशिरा सुटलेलं विमान कधीकधी वेळेवर पोचतं.

हा वेळ घरबसल्या काढायचा एक साधा हिशेब मी वापरतो. जेट विमान असेल तर किलोमीटरला १३ ने भागा आणि त्यात ३० ते ३५ मिनिटं मिळवा. पुण्याचे ९१० भागिले १३ म्हणजे ७०, अधिक ३०. झाले १ तास ४० मिनिटं. बंगळुरूचे २७० किलोमीटर घेतले तर २१ अधिक ३५, म्हणजे तासाला थोडं कमी. पंख्याचं एटीआर विमान असेल तर ८ ने भागून २५ मिळवा, कारण ते ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जातं आणि जेट ८०० च्या पुढे. हैदराबाद-कोल्हापूर ४४५ किलोमीटर आहे. एटीआरला त्यासाठी १ तास २० मिनिटं लागतात. तिकिटावरची वेळ या हिशेबापेक्षा अर्ध्या तासाने जास्त दिसली, तर मधे थांबा आहे का ते नीट पाहावं. ‘डायरेक्ट’ लिहिलेलं विमानही वाटेत एखाद्या गावी उतरून पुढे जाऊ शकतं. ‘नॉनस्टॉप’ असेल तरच ते सरळ जातं.

वाऱ्याचाही हात असतो. हिवाळ्यात वरच्या थरांत पश्चिमेकडून वारे वाहतात, त्यामुळे पुण्याहून चेन्नईला येताना विमानाला पाठबळ मिळतं आणि जाताना तेच वारे अंगावर येतात. पाच-दहा मिनिटांचा हा फरक वेळापत्रकातही दिसतो.

आता जमिनीवरचं बोलू, कारण खरी गोम तिथेच आहे.

शोळिंगनल्लूर चौकापासून मीनंबाक्कम विमानतळ अठरा-वीस किलोमीटरवर. ओएमआरने उत्तरेला तोरैपाक्कमपर्यंत जायचं, तिथून डावीकडे वळून पल्लिकरणै दलदलीच्या कडेने पल्लावरमला निघणारा दोनशे फुटी रेडियल रोड धरायचा आणि मग जीएसटी रोड. दुसरा रस्ता पेरुंबाक्कम-मेडवाक्कमवरून जातो आणि कोविलंबाक्कमला त्याच रेडियल रोडला मिळतो. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याचं काम सुरू झाल्यापासून ओएमआर जागोजागी अरुंद झाला आहे. माधवरमहून येणाऱ्या दोन मार्गिका शोळिंगनल्लूरला भेटणार आहेत, त्यामुळे इथला चौक सर्वांत जास्त खणला गेला. पहाटे साडेचारला हा प्रवास पस्तीस-चाळीस मिनिटांत होतो. संध्याकाळी एल्कॉट आणि आजूबाजूच्या कंपन्या सुटायच्या वेळी त्यालाच दीड तास लागतो. शुक्रवारी संध्याकाळी सात-आठचं विमान पकडणारे लोक ऑफिसातून पाचला निघतात आणि कॅबमध्ये बसून घड्याळ पाहत राहतात, हे दृश्य मी इथे वर्षानुवर्षं पाहतो आहे.

म्हणून माझा आग्रह पहाटेच्या विमानाचा असतो. रस्ता मोकळा मिळतो हे एक कारण, पण दुसरं त्याहून मोठं आहे. विमान दिवसभर या गावाहून त्या गावी फेऱ्या मारतं आणि सकाळी झालेला उशीर संध्याकाळपर्यंत साठत जातो. पहिल्या फेरीच्या विमानामागे असा साठलेला उशीर नसतो. कॅब आदल्या रात्री ठरवून ठेवावी. पहाटे चारला चालक फेरी रद्द करतात तेव्हा शोळिंगनल्लूर चौकात चहाच्या टपरीजवळ उभ्या रिक्षावाल्याशी घासाघीस करण्यात वीस मिनिटं जातात, आणि सामान जास्त असेल तर तोही तयार होत नाही. सुरू असलेली मेट्रो आणि तिरुसूलमचं लोकल स्टेशन विमानतळाला लागूनच आहेत, पण आपल्या बाजूने तिथे पोचायलाच आडवा प्रवास करावा लागतो. एकट्या, हलक्या सामानाच्या माणसाला ते जमेल. लेकुरवाळ्या बाईला नाही.

चेन्नईत देशांतर्गत विमानांसाठी एकाहून जास्त टर्मिनल वापरली जातात. तिकिटावर टी-१ आहे की टी-४, ते कॅबवाल्याला आधीच सांगा. सामान देण्याची खिडकी साधारण तासभर आधी बंद होते आणि विमानाचं दार २५ मिनिटं आधी. या वेळा कंपनीगणिक थोड्या बदलतात. तिकिटावर छापलेल्याच पाळाव्यात.

इथून पुढे कोल्हापूरकडे जायच्या तीन वाटा.

पहिली पुण्याची. थेट विमान, १ तास ४० मिनिटं, आणि मग लोहगावहून कोल्हापूर सुमारे २४० किलोमीटर. एसटी किंवा ट्रॅव्हल्सने जायचं तर आधी स्वारगेट गाठायचं, म्हणजे पुण्याच्या गर्दीतला पाऊण तास वेगळा. पुढे कात्रजचा बोगदा, खंबाटकी, सातारा, कराड. महामार्गाच्या रुंदीकरणामुळे वळणरस्ते निघतात आणि साडेचार तासांचा रस्ता कधी सहा तासांचा होतो. घरापासून कोल्हापूरच्या तावडे हॉटेलपर्यंत दहा तास धरावेत. सातारा-कराडच्या लोकांना मात्र हीच वाट उत्तम, कारण त्यांना कोल्हापूरपर्यंत जाऊन मागे फिरावं लागत नाही. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, त्यामुळे तिथे विमानांच्या वेळांवर मर्यादा येतात. मध्यरात्री किंवा उत्तररात्री उतरणारं विमान घेतलं तर पुढची गाडी आधी ठरवल्याशिवाय चेन्नई सोडू नये.

दुसरी वाट बंगळुरू किंवा हैदराबादला विमान बदलण्याची. उडान योजनेतून कोल्हापूर २०१८ च्या अखेरीस या दोन्ही शहरांशी जोडलं गेलं. चेन्नई-बंगळुरू तासाभराचं, बंगळुरू-कोल्हापूर सुमारे ५३० किलोमीटर, म्हणजे एटीआरने दीड तास. दोन्ही मिळून अडीच तास विमानात. मधला थांबा दोन तासांचा असेल तर आठ तासांत माणूस घरी. पाच तासांचा असेल तर पुण्याच्या वाटेपेक्षा फायदा काही नाही. कोल्हापूरला उतरल्यावर मात्र सुख असतं. मार्च २०२४ मध्ये उद्घाटन झालेली नवी इमारत लहान आहे, सामान पटकन येतं आणि शहर नऊ-दहा किलोमीटरवर.

या वाटेवर एक गोष्ट जीव तोडून सांगावीशी वाटते. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर काढा. दोन वेगळी तिकिटं काढून हजार-दोन हजार वाचतात, पण पहिलं विमान उशिरा पोचून दुसरं चुकलं, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही वेळेवर न आलेले प्रवासी ठरता. पैसे गेले आणि कोल्हापूरचं पुढचं विमान कदाचित उद्या. एकाच पीएनआरवर असाल तर पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीची. सामानही थेट कोल्हापूरचं चिकटवलं जातं. वेगळ्या तिकिटांवर ते बंगळुरूला पट्ट्यावरून उचलून, बाहेर येऊन, पुन्हा रांगेत उभं राहून द्यावं लागतं. त्यात बंगळुरूला दोन टर्मिनल आहेत. एका कंपनीचं विमान टी-१ ला उतरलं आणि दुसऱ्या कंपनीचं टी-२ वरून सुटणार असेल, तर इमारत बदलण्यासाठी बसने जावं लागतं. अशा वेळी तीन तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नये. हैदराबादला एकच टर्मिनल आहे, म्हणून आई-वडिलांसाठी मला हैदराबाद जास्त बरं वाटतं, जरी चेन्नई-हैदराबाद ५०० किलोमीटरचं असलं तरी.

एटीआरबद्दलही थोडं सांगतो, कारण पहिल्यांदा बसणारे गडबडतात. विमान लांब उभं असतं, बसने नेतात. प्रवाशांचं दार मागच्या बाजूला असतं आणि पायऱ्या चढून जावं लागतं. डोक्यावरचे कप्पे उथळ असतात. जेटमध्ये सहज मावणारी ट्रॉली बॅग इथे मावत नाही आणि पायऱ्यांपाशीच टॅग लावून काढून घेतात. औषधं, दागिने, चार्जर आणि बाळाचं दूध वेगळ्या पिशवीत आधीच काढून ठेवावं. आईचे गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा. आयत्या वेळी मागितली तर मिळते, पण वाट पाहावी लागते, आणि जोडविमानाच्या वेळी ते परवडत नाही.

तिसरी वाट ऐकून लोक चकित होतात : तिरुपती-कोल्हापूर. दोन लहान विमानतळांमधली ही सेवा २०१९ मध्ये सुरू झाली. बालाजीला जाऊन आल्यावर अंबाबाईचं दर्शन घेतल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. नवरात्रात तिरुपती देवस्थानाकडून अंबाबाईला शालूही येतो. त्यामुळे या मार्गाला भाविकांचा आधार मिळाला. तिरुपतीचा विमानतळ रेणिगुंट्याला आहे. तिथून कोल्हापूर हवाई अंतराने ६५५ किलोमीटर. एटीआरने पावणेदोन तास, जेट असेल तर तासाभरापेक्षा थोडा जास्त. शोळिंगनल्लूरहून रेणिगुंटा रस्त्याने १६० ते १७० किलोमीटर आहे : वंडलूरला बाह्य वळणरस्ता पकडायचा, मग तिरुवळ्ळूर, तिरुत्तणी, पुत्तूर. चार तास धरा. सगळं मिळून आठ तास. केवळ घरी जायचं असेल तर या वाटेत फारसा लाभ नाही. पण आई-वडील चेन्नईला महिनाभर राहायला आले असतील आणि परत जायचे असतील, तर त्यांना तिरुपतीचं दर्शन घडवून तिथूनच विमानात बसवणं ही फार चांगली योजना आहे. दर्शनाचं तिकीट आधी मिळवावं, विमान नंतर काढावं आणि मधे एक रात्र मोकळी ठेवावी. विमान नसेल त्या दिवशी तिरुपती-कोल्हापूर हरिप्रिया एक्सप्रेस आहेच. ती वीस तासांच्या आसपास घेते, पण वाटेत बेळगाव, मिरज लागत असल्याने त्या भागातल्या लोकांना सोयीची पडते.

अशा मार्गांबद्दल एक सावधगिरी. उडान योजनेत कंपनीला तोटा भरून देणारं अनुदान तीन वर्षांचं असतं. मुदत संपली की बरेच मार्ग बंद पडतात, आठवड्यातले दिवस बदलतात किंवा विमानाचा प्रकार बदलतो. गेल्या वर्षीच्या आठवणीवर सुट्टी मंजूर करून घेऊ नये. हवाई वेळापत्रक मार्चच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या शेवटी बदलतं. दिवाळी या दुसऱ्या बदलाच्या आगेमागेच येते, म्हणून दिवाळीच्या तिकिटांबाबत कंपनीकडून आलेला प्रत्येक मेसेज वाचा.

सोलापूर, पंढरपूर, बार्शीकडच्या वाचकांना माझा सल्ला वेगळा आहे. चेन्नईहून मुंबईला जाणाऱ्या गाड्या रेणिगुंटा, गुंटकल, वाडी करत सोलापूरवरूनच पुण्याकडे जातात. विमानाने पुणे गाठून मागे अडीचशे किलोमीटर येण्यापेक्षा गाडीत रात्रभर झोपून सोलापूरला उतरणं सोपं आणि स्वस्तही. आणि स्वतःची गाडी काढून कोल्हापूरला जायचं म्हणाल, तर चेन्नईपासून वेल्लोर, बंगळुरू, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, पुणे, मुंबई करत दिल्लीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग एकच आहे, क्रमांक ४८. कोल्हापूरपर्यंत साडेनऊशे किलोमीटर पडतात. चित्रदुर्ग किंवा हुबळीला मुक्काम करूनच जावं. एका दमात एकाच चालकाने जाऊ नये.

उड्डाणवेळेचा आणखी एक उपयोग फार थोड्यांना माहीत आहे. विमान रद्द झालं आणि कंपनीने आधी कळवलं नसेल, किंवा त्यामुळे त्याच तिकिटावरचं पुढचं विमान चुकलं, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार मिळणारी भरपाई ब्लॉक टाइमवर ठरते. १ तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, १ ते २ तासांच्या उड्डाणाला ७,५०० आणि त्याहून लांबच्याला १०,००० रुपये. अथवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. तिकिटाचे पैसे परत किंवा पर्यायी विमान, हे त्याशिवाय. वादळ, पूर, धुकं अशा कारणांनी विमान रद्द झालं तर भरपाई मिळत नाही, पण परतावा किंवा पर्यायी प्रवास मागता येतो. उशीर सहा तासांपेक्षा जास्त होणार असेल, तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा यांपैकी काय हवं ते प्रवाशाने सांगायचं. खिडकीवर भांडण्यापेक्षा तिथल्या तिथे ईमेल करावा आणि बोर्डिंग पास जपून ठेवावा. तक्रार पुढे एअरसेवा पोर्टलवर नेता येते.

आता ऋतूंचं. चेन्नईत पावसाळा ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे नेमका आपल्या दिवाळीच्या सुमारास. डिसेंबर २०१५ च्या पुरात विमानतळ कित्येक दिवस बंद होता; डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या वेळीही धावपट्टीवर पाणी आलं. अशा दिवसांत पेरुंबाक्कम आणि मेडवाक्कमच्या बाजूला आधी पाणी चढतं, म्हणून विमान वेळेवर असलं तरी घरातून निघता येईलच असं नाही. वादळाचा इशारा आला की आदल्या दिवशीच पल्लावरम किंवा मीनंबाक्कमजवळ मुक्कामाला जावं. कोल्हापूरच्या बाजूला जुलै-ऑगस्ट जपायचा. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि पुण्याची वाट बंद झाली. पावसाळ्यात पुणेमार्गे जाणाऱ्यांनी निघण्याआधी राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी पाहायची सवय ठेवावी. ती रोज जाहीर होते.

जानेवारीत पोंगलच्या सुट्टीला जोडून संक्रांतीला गावी जाणारे पुष्कळ आहेत. त्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. सुट्टी लागायच्या आदल्या संध्याकाळी अर्धं चेन्नई किळांबाक्कमच्या बसस्थानकाकडे निघतं, त्यामुळे तांबरम-वंडलूरकडचा जीएसटी रोड तुंबतो; विमानतळाला जाताना तांबरमवरून न जाता रेडियल रोडनेच जावं. दुसरी गोष्ट भोगीची. आपल्याकडे त्या दिवशी बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी असते. इथे पहाटे दारापुढे जुन्या वस्तू जाळतात. धूर आणि धुकं मिळून धावपट्टी दिसेनाशी होते. २०१८ च्या भोगीला सकाळची कितीतरी विमानं अशीच अडकली आणि वळवली गेली. पहाटेचंच विमान घ्या, हा माझा सल्ला वर्षातल्या या एका दिवसाला लागू नाही. भोगीला दुपारी बाराच्या पुढचं विमान घ्यावं; आणि बंगळुरूला बदलायचं असेल तर तो दिवस टाळून आदल्या दिवशीच निघावं.